गिरमिट, तीन अंश डावीकडं

भोक पाडणं ही काय मोठी गोष्ट नाही, असं ज्याला वाटत असेल त्यानं एकदा आमच्या घरी यावं. हॉलमध्ये जिथं सोफा होता तिथं आता एकशे चाळीस किलो लोखंड उभं आहे. पाहुण्यांनी त्याला वळसा घालून आत यायचं, डोकं सांभाळायचं आणि हे काय आहे ते विचारायचं नाही. विचारलं की आमची सुमैरा, म्हणजे माझी बायको, उत्तर देते. ते उत्तर मी इथं लिहू शकत नाही.

मी बादशहा शिकलगार. तासगावात एका कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क. आजा माझा सुऱ्या-तलवारींना धार लावायचा, अब्बा मिरजेच्या कारखान्यात चाळीस वर्षं फिटर होते, आणि मी जावक नोंदवहीत शिक्के मारतो. घराणं कसं खाली आलं बघा. पण गावात माझी ओळख शिक्क्यांमुळं नाही. मी लोकांना फसवतो. पैशाला नाही हं, नुसतं गमतीला. एकदा आमच्या कॉलनीच्या फलकावर मी नोटीस लावली, ‘दुरुस्तीच्या कामामुळे उद्या रात्री चंद्राचा पुरवठा बंद राहील.’ दुसऱ्या दिवशी अमावस्या. दोघांनी नगरपालिकेत तक्रार केली. असली तीस वर्षांची तपश्चर्या. तिची फळं मला या एका महिन्यात सगळी एकदम मिळाली.

झालं असं, की अब्बांनी पेटी काढली. त्यांची हत्यारांची हिरवी पत्र्याची पेटी. ब्याऐंशीव्या वर्षी माणूस जमीन वाटतो, दागिने वाटतो. अब्बांकडं पेटी होती. माझी बहीण तरन्नुम वाईला असते, तिचा नवरा तारिक तिथं खिडक्यांच्या जाळ्या, गेट असली कामं करतो. हाताचा कसबी माणूस. अब्बा महिनाभर वाईला निघाले होते. चपला घालता घालता म्हणाले,

“बादशा, परत आलो की पेटीचा निकाल लावणार. तू एक भोक पाडायचंस, तारिकनं एक पाडायचं. ज्याचं सरळ, त्याची पेटी.”

“आवं अब्बा, मी घरचा पोरगा—”

“म्हणून तर संधी देतोय. बावन्न वर्षं झाली, तुझ्या हातनं एक गोष्ट सरळ झालेली मी बघितली न्हाई.”

आणि रिक्षात बसून गेले. हे वाक्य सुमैरानं ऐकलं, समोरच्या हरणाक्कांनी ऐकलं, शेजारच्या धुळा हवालदारानं ऐकलं, आणि रिक्षावाल्यानं तर मागं वळून माझ्याकडं बघितलं. पेटीत असं काय होतं म्हणाल, तर मापाच्या पट्ट्या, कानशी, पाने. बाजारात नवं मिळतं. पण ती पेटी वाईला गेली असती म्हणजे शिकलगारांच्या घरात शिकलगार कोणच उरला नाही, असा शिक्का बसला असता. आणि शिक्क्याची किंमत माझ्याएवढी कुणाला ठाऊक?

आता हातात धरायचं ड्रिल मशीन आणून चाललं असतं. पण मी विचार केला, हातात धरलं की हात हलणार, भोक वाकडं जाणार. उभं मशीन पाहिजे. खांबावरचं. वरनं सरळ खाली येणारं. तसलं मला मिरज रोडच्या बिराप्पाच्या भंगारात दिसलं. मूळचा तो जतच्याही पलीकडचा, कर्नाटकच्या हद्दीवरचा माणूस.

“लय जुनं हाय री सायेब,” बिराप्पा म्हणाला. “माझ्या आज्याच्या आदीचं. आता असलं लोखंड व्हत न्हाई.”

“चालतं का?”

“चालंना कशाला? तुमी चालवला तर चालतंय की.”

हे उत्तर मला फार आवडलं. नंतर समजलं की त्यात सगळी माहिती होती, फक्त ऐकणारा गाढव होता. त्यानं मशीन किलोवर तोलून दिलं आणि वर एक वाकडा लोखंडी दांडा हातात दिला, “ह्ये बी ऱ्हाऊ द्या, त्येचंच हाय.” दांडा मी पिशवीत टाकला. घरी आल्यावर सुमैरानं तो धुतला आणि आलं ठेचायला घेतला. उत्तम ठेचलं जायचं.

मशीन आलं धुळाच्या ट्रॅक्टरमधनं, द्राक्षाच्या क्रेटांवर आडवं. धुळाच्या घरात सात पिढ्या मेंढरं, हा एकटाच फौजेत गेला आणि हवालदार होऊन आला. तेव्हापासनं जगातली प्रत्येक वस्तू त्यानं फौजेत बघितलेली आहे.

“हमारे पास था ऐसा,” तो मशीनला चक्कर मारून म्हणाला. “गड्या, ह्याच्यात गोळा घालत्यात आन् वरनं दाबत्यात.”

“कसला गोळा?”

“ते ऑफिसरला ठावं. आपल्याला दाबायचं काम.”

परसात न्यायचं म्हटलं तर मागच्या दारातनं जाईना. हॉलमध्येच उभं केलं. तीन फरशा तडकल्या. सुमैरा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून एक, दोन, तीन असं मोठ्यानं मोजत होती.

मग मी मशीन समजून घ्यायला बसलो. वर एक थाळीएवढं जड चाक. त्याच्याजवळ दातेरी चक्री. मध्ये उभा दांडा, त्याच्या तोंडाला बरमा, म्हणजे भोक पाडणारं पातं, पकडायचा चक. खाली गोल टेबल, आणि टेबलाच्या पोटाखाली एक बोल्ट, त्याच्याशेजारी बारीक रेघांची पट्टी. मागच्या अंगाला दोन रिकामी भोकं. ती बघून मी निदान केलं, इथं मोटर होती, ती कुणीतरी काढून विकली. वरचं चाक पट्ट्यासाठी. दातेरी चक्री शोभेला. जुनी माणसं हौशी असतात. हे सगळं निदान मी वहीत सुवाच्य अक्षरात लिहून ठेवलं. त्यातलं एकही बरोबर निघालं नाही, अक्षर मात्र चांगलं आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर हरणाक्का मशीनपुढं स्टुलावर बसलेल्या आणि हनुवटी त्या गोल टेबलावर ठेवलेली.

“आवं हरणाक्का, काय करताय?”

“नंबर काढ की रं डोळ्याचा. दवाखान्यात असलंच हाय. हनवटी ठेवायची आन् वर बघायचं.”

“आक्का, हे भोक पाडायचं मशीन हाय.”

हरणाक्का ताडकन उठल्या. “डोळ्याला?” आणि कॉलनीत सांगत सुटल्या, की बादशहानं नवीन काय तरी काढलंय, कुणी जाऊ नका. माझ्या खऱ्या बोलण्यावर विश्वास ठेवायची सवयच लोकांना नव्हती. तो गुन्हा माझाच.

मोटर आणायची तर जुन्या मशीनला जुनी, तीन फेजची मोटर, असं धुळानं सांगितलं. फौजेत होती म्हणे. मग तीन फेजचं कनेक्शन. त्यासाठी वीज कचेरी. तिथं टेबलावर बसलेला वीरधवल आमच्या कॉलेजचाच माजी विद्यार्थी, गाव जत. मला बघून खूश व्हायला पाहिजे होता. झाला नाही. तो पहिल्या वर्षाला असताना मी त्याला प्रयोगशाळेतनं ‘रिकाम्या हवेची बाटली’ आणायला पाठवलं होतं. बिचारा चार मजले फिरून आला होता. मी विसरलो होतो.

अर्जात रकाना होता, ‘व्यवसायाचे स्वरूप’. मी लिहिलं, ड्रिलिंग.

“सर, मराठीत लिहा,” वीरधवल म्हणाला. “नियम हाय.”

ड्रिलला मराठीत काय? आमच्या आळीचे सुतार म्हणायचे गिरमिट. लाकडाला भोक पाडायचं ते गिरमिट. मी छातीठोकपणे लिहिलं: गिरमिट.

वीरधवलनं वाचलं आणि पहिल्यांदाच त्याच्या तोंडावर थोडं हसू आलं. “गिरमिट? मग सर, अन्न परवाना लागंल आधी.”

“अन्न?”

“खायचा पदार्थ हाय न्हवं. त्याशिवाय फाईल फुडं जात न्हाई.”

मग मला आठवलं. जतपासनं पलीकडं गिरमिट म्हणजे चुरमुरे. चिंच-गुळाचं पाणी, कांदा, डाळव्याचं पीठ घालून कालवलेले, वर तळलेली मिरची. संध्याकाळी गाड्यावर मिळतात. मी म्हणालो, “अरे बाबा, हे खायचं गिरमिट नव्हे. भोक पाडायचं गिरमिट.”

वीरधवलनं पेन ठेवलं. “सर, मी जतचा. लहानपणापास्नं गिरमिट खातोय. तुमी आता मला सांगणार की गिरमिटानं भोक पाडत्यात?”

“पाडत्यात रे, शपथ!”

“बाटलीची बी शपथच घेतलीवती सर.” आणि त्यानं शिक्का मारला: अन्न परवान्याच्या प्रतीक्षेत.

तो शिक्का मी बघितला. सरळ, ठसठशीत, शाई कुठं पसरलेली नाही. तीस वर्षांत मला असा जमला नसेल.

चार दिवसांनी अन्नखात्याचे साहेब घरी हजर. वीरधवलनं फाईल स्वतःच पुढं पाठवून दिली होती. सूड घेणारा माणूस किती तत्पर काम करतो बघा. साहेबांनी स्वयंपाकघर बघितलं, माठ बघितला, झाकणं उचलून बघितली. मग हॉलमध्ये मशीनपुढं येऊन थांबले.

“ही कालवायची मशीन का?”

मी तोंड उघडणार तेवढ्यात सुमैरा म्हणाली, “व्हय.” मी तिच्याकडं बघितलं. ती हळूच म्हणाली, “गप बसा. तुमी खरं बोलायला लागलासा की एक कागद वाढतोय.”

तिची आई अथणीकडची, म्हणजे गिरमिटाच्या मुलखातली. तिनं आत जाऊन दहा मिनिटांत गिरमिट कालवून आणलं. साहेबांनी पहिली प्लेट तपासणी म्हणून खाल्ली, दुसरी खात्री म्हणून. अकराव्या दिवशी परवाना घरपोच. ‘बादशहा गिरमिट सेंटर’. सरकारकडनं मला वेळेत मिळालेला हा पहिला कागद, आणि तो मी कधी मागितलाच नव्हता. तीन फेजचं विचारायला गेलो तर वीरधवल म्हणाला, “आता नगरपालिकेचा ना हरकत आणा. धुराचा.”

“कसल्या धुराचा?”

“मिरच्या तळताय न्हवं?”

अब्बा यायला दोन दिवस राहिले. मोटर नाही, फेज नाही. मशीनच्या चाकावर सुमैरानं टॉवेल वाळत घातलेले. मी खुर्चीत बसून चुरमुरे खात होतो, कारण घरात आता दुसरं काही होतच नव्हतं. लोक सकाळ-संध्याकाळ दार वाजवून विचारायचे, “गिरमिट चालू झालं का?” मी म्हणायचो, “लाईट न्हाई.” ते म्हणायचे, “चुरमुऱ्याला लाईट कशाला?” मी दार लावून घ्यायचो.

आणि त्या दुपारी बिराप्पा आला. उरलेलं काही भंगार हाय का विचारायला.

“कसं चाललंय मशीन?”

“कुठलं चाललंय? लाईटच न्हाई.”

बिराप्पा माझ्याकडं बघत राहिला. मग मशीनकडं. मग टॉवेलकडं. “लाईट? ह्येला लाईट कशाला री? ह्ये हातानं फिरवायचं हाय. तो दांडा दिल्ता न्हवं मी?”

आम्ही दोघं स्वयंपाकघरात गेलो. दांडा आल्यासकट ताटात होता. बिराप्पानं तो धुतला, चाकाच्या बाजूला एका चौकोनी टोकावर बसवला आणि फिरवला. वरचं जड चाक घुमायला लागलं, बरमा फिरायला लागला, आणि ती शोभेची दातेरी चक्री टकटक करत बरमा आपोआप खाली सरकवायला लागली. टॉवेल उडून टीव्हीवर पडला. वीस दिवस मी कचेऱ्या पालथ्या घातल्या, आणि हे मशीन विजेच्या आधीच्या काळातलं. मागची दोन भोकं मशीन भिंतीला ठोकायसाठी होती.

मला रडावंसं वाटत होतं. पण आधी मी एक भोक पाडलं. एक इंच जाड लोखंडाच्या पट्टीत. वरनं तेल सोडत, चाक घुमवत. बरमा आरपार गेला. त्यातनं सळई घालून बघितली. सरळ! अहो, सरळ! मी दुसरं पाडलं. तेही सरळ. संध्याकाळपर्यंत अकरा पाडली, एका ओळीत, सगळी सरळ. सुमैरा सळई घालून बघत होती, काही बोलत नव्हती. आमच्या संसारात ही एवढी मोठी स्तुती मला पहिल्यांदाच मिळाली.

आता इथं शहाणा माणूस झोपला असता. मी टेबलाखालची ती रेघांची पट्टी बघितली. बोल्ट ढिला केला तर टेबल कलतं. एक रेघ म्हणजे एक अंश. आणि माझ्या डोक्यात तो जुना किडा वळवळला. तारिकचं भोक जर वाकडं गेलं तर? अब्बा फोनवर म्हणाले होते, “तारिक जावई हाय, पहिला मान त्याचा.” तारिक पाडणार, वाकडं येणार, तारिकचं तोंड उतरणार. मग मी टेबल सरळ करून माझं पाडणार. बावन्न वर्षांत माझ्या डोक्यात आलेली सर्वात सुंदर योजना.

रविवारी अकराच्या एसटीनं अब्बा, तरन्नुम आणि तारिक आले. मागोमाग धुळा, हरणाक्का आणि निम्मी कॉलनी, कारण सेंटर आज उघडतंय अशी हवा झाली होती. सुमैरानं पातेलंभर गिरमिट कालवलं. सगळे ओसरीवर खात बसले तेवढ्यात मी पान्यानं बोल्ट ढिला केला, टेबल बरोबर तीन रेघा डावीकडं कलवलं, बोल्ट आवळला, पाना खिशात. काम फत्ते.

अब्बा आत आले, मागोमाग सगळी कॉलनी. मशीनवर हात फिरवला. त्यांना दिसतं कमी, पण बोटांना दिसतं. “हाताचं हाय,” म्हणाले. “चांगलं हाय.” मग टेबलावर हात ठेवून स्टुलावर बसले. “चल तारिक.”

तारिक पुढं आला. सज्जन माणूस. या जगातलं माझं सगळं वाईट सज्जन माणसांनीच केलंय. तो म्हणाला, “अब्बा, भाईजान मोठे हायत. मी पुढं कसा होऊ? आधी भाईजान.”

“अरे न्हाई न्हाई,” मी म्हणालो. “तू पाहुणा.”

“आदब हाय भाईजान. तुमच्या आधी मी हात लावणार न्हाई.”

“बराबर बोलला पोरगा,” अब्बा म्हणाले. “बादशा, हो फुडं.”

“आधी चहा घेऊया?”

“भोक पाड.”

“जरा टेबल पुसतो—”

“माझा हात हाय टेबलावर. स्वच्छ हाय.”

अब्बांचा हात टेबलावरनं हलेना. पाना खिशात, बोल्ट त्यांच्या हाताच्या खाली, आणि कॉलनी चारी बाजूंनी. धुळा ओरडला, “लगाव जोर, बादशाभाई!” आणि मी फिरवायला लागलो. टकटकटक. बरमा खाली चालला. एका इंचाला किती वेळ लागतो? मला वाटलं मी वाईपर्यंत भोक पाडतोय. प्रत्येक फेऱ्याला एकच विचार: तीन अंश, तीन अंश. ती अकराही सरळ पाडणारा हात माझाच होता, आणि हे वाकडं पाडणाराही.

भोक पडलं. अब्बांनी सळई घातली आणि पेटीतनं गुण्या काढला. गुण्या म्हणजे काटकोन तपासायची लोखंडी पट्टी, एल आकाराची. तो सळईला लावला. सळई डावीकडं झुकलेली. पार हरणाक्कांनाही दिसली, आणि त्यांच्या डोळ्याला नंबर हाय.

“वाकडं हाय की रं,” हरणाक्का म्हणाल्या.

मग तारिक आला. खाली वाकला. टेबलाखाली बघितलं. माझ्याकडं बघितलं. माझ्यापुढं हात केला. मी खिशातला पाना काढून त्याच्या हातावर ठेवला. त्यानं टेबल सरळ केलं, भोक पाडलं, गुण्यात चपखल. लोकांनी टाळ्या वाजवल्या. धुळानं सॅल्यूट ठोकला.

“अब्बा,” मी म्हणालो, “ही बघा, परवा पाडलेली अकरा. सगळी सरळ.” आणि पट्टी पुढं केली. हॉलमध्ये जो हशा उठला तो मी विसरणार नाही. चंद्राचा पुरवठा बंद करणारा बादशहा बाजारातनं पट्टी आणून अकरा सरळ भोकं दाखवतोय, असं सगळ्यांना वाटलं. सुमैरा म्हणाली, “खरंच पाडलीत वो त्यांनी.” तर लोक म्हणाले, आता बायकोलाही सामील करून घेतलं.

सगळे पुन्हा गिरमिट खायला बाहेर गेले. मी हॉलमध्ये तडकलेल्या फरशीवर बसून होतो. बघतो तर अब्बा कोपऱ्यात माझी पट्टी घेऊन बसलेले. एकेका भोकात सळई, शेजारी गुण्या. एक. दुसरं. तिसरं. सावकाश, बोटानं चाचपत. अकरावं झाल्यावर त्यांनी मला हाक मारली.

“ही अकरा तुझीच?”

“माझीच.”

“आन् हे बारावं तीन अंश हाय. चुकून अडीच पडतं, पावणेचार पडतं. बराबर तीन लावल्याशिवाय पडत न्हाई. कुणासाठी लावलंवतंस?”

मी दाराबाहेर तारिककडं बघितलं. अब्बांच्या छातीत काहीतरी हललं. मला वाटलं खोकला. पाणी आणायला उठलो तर ते हसत होते. डोळ्याला पाणी येईपर्यंत.

“वाकडं भोक इतकं नीट पाडलेलं मी चाळीस वर्षांत बघितलं न्हाई,” म्हणाले. “पेटी तारिकची. बोललो तसं. हा तुझा.” आणि गुण्या माझ्या हातात ठेवला. “त्याला सरळ माणसाला हा कशाला लागतोय?”

दुपारच्या गाडीनं तारिक पेटी घेऊन गेला. जाताना माझ्या पाया पडला, म्हणजे अपमान पुरा झाला.

संध्याकाळी दार वाजलं. दोघं अनोळखी. “गिरमिट मिळंल का?” मी नाही म्हणणार तेवढ्यात आतनं सुमैराचा आवाज आला, “किती प्लेट?” मग मी गपचूप खुर्ची घेतली आणि परवान्याची चौकट दारावर ठोकली. उतरून गुण्या लावून बघितला.

तीन अंश. डावीकडं.

राहू दिली.